एका शीटची बचत आणि बारा बुरूज

माझा उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढ्या भांडवलावर मी ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात एक्केचाळीस वर्षं नोकरी केली. कागद त्या दोघांच्या मध्ये धरायचा, जरासा चोळायचा, कोपरा कानाजवळ फडफडवायचा आणि सांगायचं, "दोनशे वीस." गिऱ्हाईक आ वासून बघत राहायचं. मला ते फार आवडायचं. देवाशपथ सांगतो, पगारापेक्षा आवडायचं.

आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर तलवार घेऊन इकडे आले. पिढ्या उलटता उलटता तलवारीचं काय झालं कुणास ठाऊक, माझ्या वाट्याला कागद कापायचा कटर आला. सेठजींच्या कागदाच्या दुकानात मी काउंटरमागे उभा राहिलो तो केस पांढरे होईपर्यंत. आता निवृत्त आहे, पण सकाळी दोन तास अजून जातो. घरी बसलो तर सौ. मला भाज्या निवडायला लावते आणि मेथी अंगठ्याने चोळून तिचं वजन सांगितलेलं तिला आवडत नाही.

तर आमचा धंदा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. लोक जीएसएम म्हणजे कागदाची जाडी समजतात. अहो, ते वजन आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद कागद काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम भरेल, तेवढं त्याचं जीएसएम. झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशी, लग्नपत्रिकेचा अडीचशे-तीनशे. आता एकाच वजनाच्या गोळ्याची तुम्ही पोळी लाटली तर पातळ होते आणि भाकरी थापली तर जाड. कागदाचंही तसंच. चोपून गुळगुळीत केलेलं अडीचशेचं कार्ड पातळ लागतं, फुगीर अडीचशेचं जाड लागतं. म्हणून नुसता आकडा विचारून कागद घेणारा माणूस हमखास फसतो आणि मग आमच्याशी भांडायला येतो.

मॉडेल करणारे तर आमचे सगळ्यात लाडके आणि सगळ्यात डोकेखाऊ गिऱ्हाईक. येणारा प्रत्येक जण एकच मागतो, "मजबूत दाखवा, मोटावाला." जाड म्हणजे मजबूत, हे लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की काढता निघत नाही. मुरारहून एक निवृत्त सुभेदारसाहेब यायचे. कागदाचे रणगाडे करायचा त्यांना छंद. पहिल्या दिवशी मिशीला पीळ देत म्हणाले, "बाबूजी, सबसे तगड़ा माल निकालिए. तोप बनानी है." मी एकशे वीसचा कागद पुढे ठेवला. साहेब असे भडकले की काय सांगू! "एक सौ बीस? ये तो चिट्ठी लिखने का कागज़ है! हमारी तोप इससे बनेगी?" मी चारशेची एक पट्टी काढून पेन्सिलीभोवती गुंडाळायला दिली. ती पापडासारखी मोडली. मग एकशे वीसची गुंडाळली, शेवटाला डिंकाचं बोट लावलं, पेन्सिल ओढून काढली. नळी तयार, सरळसोट. साहेबांनी ती डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं आणि भर दुकानात मला सॅल्यूट ठोकला. त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, संचलन करत गेलो.

दुसरे एक होते, त्यांनी पुतण्याच्या लग्नाची पत्रिका चारशेच्या कार्डावर छापायचा हट्ट धरला. मी सांगितलं, घडीच्या जागी आधी दाबून रेघ मारून घ्या, ज्याला आम्ही क्रीज म्हणतो. जाड कार्ड क्रीजशिवाय दुमडलं की पाठ फुटते. "अरे, इतना टाइम किसके पास है," म्हणाले. झालं. सगळ्या पत्रिकांच्या मधोमध तडा, आणि तो तडा नेमका वर आणि वधूच्या नावांच्या मधून गेलेला. दोन्हीकडच्या आजीबायांनी अपशकुन म्हणून घर डोक्यावर घेतलं. लग्न मात्र चांगलं टिकलंय, मी चौकशी ठेवून आहे.

सेठजी गेल्यावर त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे छोटे सेठ, गल्ल्यावर बसू लागले. त्यांनी सोनाराकडे असतो तसला नाजूक काटा आणला. दहा सेंटीमीटर लांबी-रुंदीचा तुकडा कापायचा, तोलायचा, ग्रॅमला शंभराने गुणायचं, की जीएसएम हजर. मला म्हणाले, "बाबूराव, एक मुकाबला हो जाए?" पाच कागद आणले. चार माझे अचूक निघाले. पाचव्याच्या वेळी काट्याचं चुकलं, असं माझं आजही ठाम मत आहे.

थोडक्यात, मला माज होता. आता मूळ गोष्टीकडे वळतो.

नया बाजारात कुसुमताई राहतात. मुलींच्या शाळेतून ड्रॉइंग टीचर म्हणून निवृत्त झालेल्या, अंगाने काटकुळ्या, आवाजाने खणखणीत. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर गेली सव्वीस वर्षं त्यांच्याच हातचं. आधी थर्माकोल, ते नकोसं झाल्यावर कागद. दुकानात आल्या की काउंटरवर हात ठेवून म्हणायच्या, "बाबूराव, बकवास करू नका, कागद दाखवा." मी बकवास करायचो आणि कागदही दाखवायचो. घरात त्या एकट्याच. मखर हेच त्यांचं वर्षभराचं काम. दिवाळीनंतर आराखडा, संक्रांतीनंतर नमुने, आणि भादव्याच्या आधी महिनाभर सगळी बैठकीची खोली कागदाने भरलेली.

मंडळाचे सेक्रेटरी अरविंदराव मात्र वैतागले होते. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, त्यांना सगळं चकाचक हवं. मंडळाच्या सभेत त्यांनी सरळ सांगितलं, "कुसुमताई, आदर आहे. पण ज़माना बदल गया है. इव्हेंटवाले येतात, चार तासांत फुलांचं डेकोरेशन उभं करून जातात. यंदाचं वर्ष तुमचं. मखर विसर्जनापर्यंत धड उभं राहिलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून ठेका देऊ." कुसुमताई फक्त "बरं" म्हणाल्या. त्यांना इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. "यंदा मानमंदिर करणार," म्हणाल्या. किल्ल्यावरचा तो राजवाडा, गोल बुरूज, वर घुमट्या, निळ्या फरशा आणि त्यावरची पिवळी बदकं. अरविंदरावांनी म्हणे विचारलं होतं, गणपतीच्या मागे बदकं कशाला? कुसुमताई म्हणाल्या, "मानसिंह राजाने बसवली तेव्हाच विचारायचं होतं."

भिंतींसाठी मी तीनशेचं कार्ड दिलं, तळाला जाड राखाडी पुठ्ठा. बुरुजांसाठी त्या म्हणाल्या, "एकशे ऐंशी. गोल वळायला हवा आणि उभाही राहायला हवा." मी गठ्ठ्यातून अंगठ्याने एकशे ऐंशी काढला. छोट्या सेठनी काट्यावर घातला, एकशे ऐंशी. मी मिशीतल्या मिशीत हसलो.

"वीस बुरूज," ताई म्हणाल्या. "प्रत्येकाला चौदा इंच उंच, आठ इंच रुंद तुकडा. माझ्या मनगटाला आता कात्री झेपत नाही, तुमच्या मशीनवर कापून द्या." शीट होतं बावीस बाय अठ्ठावीसचं. सगळे तुकडे उभे घेतले तर एका शीटमधून चार निघतात. वीस बुरुजांना पाच शीटं. साधा हिशोब.

पण इथे आमचे जुने सेठजी आडवे आले. ते जाऊन वर्षं झाली, तरी आले. सेठजींची रीत अशी होती, की रोज संध्याकाळी कतरनीचं, म्हणजे कापून उरलेल्या तुकड्यांचं पोतं एका हाताने उचलून बघायचे. हलकं लागलं की म्हणायचे, "वाह बाबूराव!" जड लागलं की नुसते खोकायचे. त्या एका "वाह"साठी मी आयुष्यभर शीटं उलटीपालटी करून एकेक जादा तुकडा काढत आलो. त्या दिवशीही नजर टाकताक्षणी दिसलं, तीन तुकडे आडवे आणि दोन उभे मांडले, की बावीस इंच अगदी चपखल भरतात. चार नाही, पाच निघतात! चार शीटांत वीस बुरूज. मी कापले, बांधले आणि छाती फुगवून म्हणालो, "ताई, एक शीट वाचवलं तुमचं."

"वाह बाबूराव," ताई म्हणाल्या. त्यांना बिचारीला काय माहीत, त्या कुणाचे शब्द बोलल्या.

गणपती बसले. मखर बघायला आमचा अख्खा लष्कर भाग लोटला. निळा राजवाडा, पिवळी बदकं, मधे गणपती. शेजारचे हिंदीवाले लोकसुद्धा मोबाइल वर करून उभे. अरविंदरावही "अच्छा है" म्हणाले, जरा नाराजीनेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला हॉल खच्चून भरला, उकाडा होता म्हणून दोन्ही कूलर लावले. आरती रंगात आली आणि "फट्" असा आवाज झाला. डाव्या बाजूचा एक बुरूज चिकटवलेल्या जागी उघडून पसरला. वरची घुमटी लवंडून गणपतीसमोरच्या केळ्यांवर बसली. पोरं खिदळली. अरविंदराव म्हणाले, "ताई, तुमचा किल्ला शरण आला!" ताईंनी बुरूज पुन्हा चिकटवला, दोरा बांधला. तिसऱ्या दिवशी आणखी चार उघडले. काही वाकले, काहींच्या अंगावर सुरकुती आली.

मी मदत करायच्या निमित्ताने एक सुटा बुरूज हातात घेतला. अंगठा फिरवला. आणि चूक कुणाची ते कळलं.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी मी गिऱ्हाइकांना हजारदा सांगितली आहे. कागद तयार होतो तेव्हा त्यातले धागे एका दिशेने झोपतात. आम्ही त्याला रेशा म्हणतो. त्या दिशेला समांतर वळवला तर कागद लोण्यासारखा वळतो, आडवा वळवला तर अडतो, सुरकुततो, आणि दमट हवा लागली की जोर करून सुटायला बघतो. म्हणून नळी करायची तर रेशा उंचीच्या दिशेनेच हवा. सुभेदारसाहेबांना, शाळेच्या पोरांना, सगळ्यांना मी हे शिकवलं. आणि स्वतः मात्र, शीटचा रेशा उभा असताना, एक शीट वाचवायला दर पाचातले तीन तुकडे आडवे कापले. विसातले बारा! अंगठ्याने वजन बरोबर सांगितलं होतं. डोकं मात्र सेठजींच्या पोत्यात अडकलं होतं.

तेवढ्यात अरविंदरावांनी विचारलं, "काय हो बाबूराव, तुम्ही कागदवाले. काय झालं असेल?"

आणि मी, चारचौघांत मिशा पिळणारा मी, म्हणालो, "हवा दमट आहे ना."

कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातला डिंकाचा ब्रश पुसत म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल. डिंक पातळ झाला, आणि हातही पूर्वीसारखे राहिले नाहीत." अरविंदराव म्हणाले, "तेच तर म्हणतो मी. आता आराम करा. उद्या आरतीनंतर कमिटी बसेल, हे उतरवायचं का ते ठरवू." ताईंनी मान हलवली. मला लाज वाटली, इतकी की प्रसादाचा पेढा तोंडात फिरेना.

घरी सौ. म्हणाली, "तोंड ओल्या पुठ्ठ्यासारखं का झालंय?" मी सगळं सांगितलं. ती भाजी फोडणीला टाकत होती. म्हणाली, "एक्केचाळीस वर्षांत एकदा तरी 'माझं चुकलं' म्हणालात का कुणाला?" मी म्हणालो, चुकलोच नाही तर कसं म्हणणार? तिने झारा माझ्याकडे रोखला. "मग आता आयती संधी आलीय. दवडू नका."

चौथ्या दिवशी आरती झाली. लोक प्रसादाला वळायच्या आत मी माइक हातात घेतला. अरविंदरावांना वाटलं चपला हरवल्याची सूचना असेल. खिशातून एकाच शीटच्या दोन पट्ट्या काढल्या, एक उभी कापलेली, एक आडवी. एका हातात दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. एक सरळ उभी राहिली, दुसरीने मान टाकली.

"दोन्ही एकशे ऐंशीच्या," मी म्हणालो. "एकाच शीटच्या. फरक फक्त कापण्याच्या दिशेत. पडलेले बुरूज ताईंनी वाईट चिकटवलेले नाहीत. मी वाईट कापलेत. बारा पडायचे आहेत, पाच पडलेत, उरलेले सात कोणते तेही दाखवतो." आणि मी एकेका बुरुजाकडे बोट दाखवत गेलो. सातव्याकडे बोट केलं आणि तो खरंच "फट्" करून उघडला. हॉलमध्ये असा हशा पिकला की विचारू नका.

अरविंदराव म्हणाले, "पण असे कापलेतच का?"

"एक शीट वाचवायला."

"एक शीट? किती रुपयांचं?"

"दोन कचोऱ्यांच्या आतलं."

पुन्हा हशा. मीही हसलो असतो, पण समोर कुसुमताई बसल्या होत्या आणि त्या हसत नव्हत्या. मी माइक ठेवून त्यांच्याजवळ गेलो. म्हणालो, "ताई, माझं चुकलं. आणि काल गप्प बसलो, ते त्याहून चुकलं."

त्या म्हणाल्या, "वळतानाच मला हाताला कळलं होतं. ते बारा ऐकत नव्हते. लाटण्यावर गुंडाळून गुंडाळून कसेबसे वळवले."

"अहो, मग त्याच दिवशी परत का नाही आणले?"

"बाबूरावांनी कापलेत म्हणजे काही विचार करूनच कापले असतील, असं वाटलं. मी माझ्या हातांवर शंका घेतली. तुमच्यावर घ्यायची हे डोक्यातच आलं नाही."

यापेक्षा त्यांनी चप्पल काढून मारली असती तर बरं झालं असतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी कूलरच्या तुषारांवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायच्या आधीच दारात उभा. तीन शीटं स्वतः विकत घेतली, चार-चार तुकडे उभे कापले, बारा. कतरनीचं पोतं चांगलं जड झालं. छोट्या सेठनी ते पायाने जरा सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "बाबूराव, आज क्या हो गया?" मी म्हणालो, "सेठ, आज पहिल्यांदा बरोबर कापलं." एक शीट वाचवायला गेलो आणि एकूण सात लागली. हिशोबात मी पहिल्यापासूनच कच्चा.

मंडळात ताईंनी मला खाली सतरंजीवर बसवलं. कटर माझ्या हातात दिलाच नाही. "तुम्ही फक्त धरा," म्हणाल्या. त्या वळत होत्या, मी धरत होतो. बारा बुरूज न कुरकुरता वळले. मधेच अरविंदराव आले, पँटची इस्त्री सांभाळत बसले आणि एक घुमटी रंगवून गेले. घुमटी बिघडली होती. ताईंनी ती मागच्या बाजूला लावली.

मखर अनंत चतुर्दशीपर्यंत उभं राहिलं. कूलर चालू, हॉल भरलेला, एकही "फट्" नाही. पुढच्या वर्षाच्या बैठकीत ठेक्याचा विषय अरविंदरावांनी काढलाच नाही. फक्त म्हणाले, "ताई, थीम ठरवा. आणि कटिंग बाबूरावांकडे देऊ नका." ठराव एकमताने पास. माझंही मत त्यात होतं.

तेव्हापासून मी दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक शीटच्या मागे पेन्सिलीने एक बारीक बाण काढतो. रेशा कुठे झोपलाय ते दाखवणारा. छोटे सेठ म्हणतात, टाइम वेस्ट आहे. असू दे. वजन सांगायला आता काटा आहे, मला तेवढंच काम उरलंय.

परवा कुसुमताई आल्या. पुढच्या मखरासाठी एकशे साठचे दहा कागद हवे होते. मी मोजून, बाण काढून पुढे ठेवले. त्यांनी एकेक शीट उचललं, उभं वाकवून पाहिलं, आडवं वाकवून पाहिलं, बाण तपासला आणि मग बाजूला ठेवलं. दहाच्या दहा. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली.

मी जरा रुसूनच म्हणालो, "काय ताई, एवढा बाण काढून दिलाय, तरी विश्वास नाही?"

त्यांनी दहावं शीट वाकवलं, सोडलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"विश्वास नसता तर घरी नेऊन पाहिलं असतं, बाबूराव. आहे, म्हणून तुमच्या तोंडासमोर पाहतेय."